न रंगवलेला हात

सातवीण फुलली की मी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेते. शेजारच्या घोषबाईंना याचं दरवर्षी नव्यानं नवल वाटतं. बंगाली माणूस या वासावर जीव टाकतो. दुर्गापूजा आटोपते, मांडवांचे बांबू उतरतात, आणि कार्तिक लागता लागता आमच्या रस्त्यावरचं ते उंच झाड हिरवट-पांढऱ्या गुच्छांनी भरून जातं. घोषबाई बाल्कनीत खुर्ची टाकून 'छातिम, छातिम' म्हणत दीर्घ श्वास घेत बसतात. मी म्हणते, डोकं दुखतं हो माझं. ते खोटं नाही, वास उग्रच असतो. पण खरी गोष्ट अशी, की हा वास आला की मी घरातल्या माणसांचे ओठ आणि नखं बघायला लागते. आमच्या ह्यांना आता सवय झाली आहे. परवा सकाळी वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्यांनी आपण होऊन दोन्ही हात माझ्यापुढे केले. "फुललं वाटतं तुझं झाड," म्हणाले, "घे, तपासून घे." मी तपासले. नखं गुलाबी होती. मग मी चहा टाकला.

मी जन्माची भित्री. पालीला भिते, विजेला भिते, अवेळी वाजलेल्या कडीला भिते. पण ही सगळी किरकोळ भीती झाली, येते आणि जाते. एका कार्तिकात मात्र भीती आमच्या घरी बिऱ्हाडाला आली होती. ती आमच्याबरोबर जेवायची, ट्रामनं तालमीला यायची, आणि मी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडाला रंग लावत असताना माझ्या खांद्यावरून वाकून आरशात बघायची.

सत्तर-एकाहत्तरचा तो सुमार, नक्षलवाद्यांच्या धामधुमीचा. आम्ही भवानीपूरला एका गल्लीत राहत होतो. त्या दिवसांतलं कलकत्ता ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्या संध्याकाळी कशा सांगाव्यात? घरोघरी कोळशाच्या शेगड्या. दिवेलागणीला सगळ्यांच्या शेगड्या एकदम पेटायच्या आणि थंडीनं जड झालेला धूर वर न जाता गल्लीतच बसून राहायचा. डोळे चुरचुरायचे. काही गच्च्यांवर उंच बांबूला आकाशदिवा टांगलेला असायचा, पितरांना वाट दिसावी म्हणून; धुरातून तो लालसर ठिपका तेवढा दिसे. कालीपूजेचे फटाके आधीच सुरू झालेले, आणि त्या वर्षी फटाका कुठला आणि बॉम्ब कुठला हे कुणालाच कळत नव्हतं. आवाज झाला की आई पोळी लाटता लाटता थांबायची. पाठोपाठ दुसरे लहान आवाज आले तर फटाके. नुसती शांतता पसरली आणि दारं धडाधड लागली तर दुसरं काही. अण्णा घरी यायच्या वेळेला अशी शांतता पसरली की आईचं लाटणं थांबलेलंच राहायचं.

अण्णा गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत होते. माझ्या आजोबांच्या हाताला धरून लहानपणीच कलकत्त्यात आलेले. कचेरीत इंग्रजी, बाजारात बंगाली, दूधवाल्याशी हिंदी, आणि घरी आल्यावर थकून गप्प. त्यांचं मराठी खरं ऐकू यायचं ते वर्षातून एकदाच, इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात. पूजेच्या सुट्टीत तालमी सुरू व्हायच्या आणि दिवाळी झाल्यावरच्या रविवारी प्रयोग. एरवी हळू बोलणारा हा माणूस रंगमंचावर उभा राहिला की शाळेच्या हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोहोचवायचा. आम्हां कलकत्त्यात जन्मलेल्या पोरांचं मराठी म्हणजे सगळा आनंदच. मी लग्न होईपर्यंत बंगाल्यांसारखी चहा 'खात' होते, आणि ते ऐकून अण्णा दर वेळी तेवढेच हसायचे. मला नाटकात काम मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून मी रंगाच्या पेटीकडे वळले.

ते मला शिकवलं हरिपदबाबूंनी. आमच्या खालच्या खोलीत राहायचे. चितपूरच्या जात्रा, म्हणजे बंगाली लोकनाट्याच्या, कंपन्यांतून नटांची तोंडं रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. मला ते 'मा' म्हणायचे, आणि मला नुसतं देखणं करण्याचा कंटाळा आहे हे कळल्यावर त्यांनी मला म्हातारपण शिकवलं, जखमा शिकवल्या, आणि मग आजार. "रोगीर मुख देखो मा, आगे देखो," म्हणायचे. आधी आजाऱ्याचं तोंड बघ, रंग मागाहून. मी बघायला लागले. ट्राममध्ये, देवळाच्या पायऱ्यांवर, दवाखान्याच्या बाकांवर. गालांच्या आधी कानशिलं खचतात. डोळ्यांखालचा काळेपणा नाकाच्या बाजूला जास्त असतो. ओठ नुसते पांढरे करून भागत नाही, कडेला बारीक कागदाचे कपटे डिंकानं चिकटवून त्यावर रंग दिला तर ते सुकून फाटल्यासारखे दिसतात. घामासाठी ग्लिसरीनमध्ये थोडं पाणी. नुसत्या पाण्याचा घाम दिव्यांच्या उष्णतेनं उडून जातो. हे सगळं मी हौसेनं शिकले. आणि शिकता शिकता अशी वाईट खोड लागली, की चांगल्या धडधाकट माणसाशी बोलतानासुद्धा हा आजारी पडला तर कसा दिसेल, ते मला दिसू लागलं.

त्या वर्षीचं नाटक बसवत होते देवधरकाका. बँकेत साहेब, पुण्याहून बदली होऊन आलेले, तालमीच्या बाबतीत अत्यंत कडक. नाटकात एक म्हातारा गृहस्थ तीन अंक खाटेवर पडून असतो, पडल्या पडल्या सगळं घर हलवतो आणि शेवटी मरतो. काम अर्थात अण्णांना. वाचन झालं, कामं वाटली गेली, आणि त्याच आठवड्यात अण्णा कचेरीचा जिना चढताना मध्येच बसले.

कार्डिओग्राम काढला. भवानीपूरच्याच एका डॉक्टरांनी तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला. हृदयाला रक्त कमी पडतंय, म्हणाले. जिना नको, ओझं नको, मनाला ताण नको. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची एक गोळी दिली. त्या इवल्याशा बाटलीचं झाकण आईला कधीच पटकन उघडता आलं नाही.

"नाटक बंद," आई घरी येताच म्हणाली.

"अगं, पण झोपूनच तर काम आहे," अण्णा म्हणाले. "घरी पडण्याऐवजी तिथं पडतो. डॉक्टरांनी विश्रांतीच सांगितली आहे ना?"

आई हसली नाही. दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी जेवताना अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "वर्षभर मी खालच्या आवाजात जगतो. एकदा, वर्षातून एकदा, मला मराठीत मोठ्यानं बोलू दे. मग तू म्हणशील तसं." आईनं त्यांना भात वाढला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू विंगेत बसायचंस. गोळी घेऊन. नजर हलवायची नाही त्यांच्यावरून. कबूल असेल तर होऊ दे नाटक." डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी बराच वेळ पेन्सिल हातात फिरवली आणि पडूनच राहणार असतील तर एक प्रयोग करू देत, म्हणून सांगितलं. मंडळात कुणाला कळू द्यायचं नाही, ही अण्णांची अट. कळलं असतं तर देवधरकाकांनी काम काढून घेतलं असतं, आणि ते बरोबरच होतं.

म्हणजे अण्णांचा जीव माझ्या नजरेवर ठेवला गेला. माझ्या, जन्माच्या भित्रीच्या!

कशावर नजर ठेवायची ते विचारायला मी एकटी डॉक्टरांकडे गेले. ते बोटांवर मोजत म्हणाले, "मुख फॅकाशे, ठांडा घाम, ठोंट आर नख नील." चेहरा पांढरा पडेल, थंड घाम सुटेल, ओठ आणि नखं निळी पडतील. यातलं काही दिसलं की गोळी दे आणि मला निरोप धाड, म्हणाले. मी ते शब्द घोकत तालमीला गेले. तिथं देवधरकाका माझीच वाट पाहत होते. "कुमुद, तिसऱ्या अंकाचा मेकअप नीट समजून घे," म्हणाले. "चेहरा पांढराफटक हवा. कपाळावर घाम. ओठ निळसर. आणि हो, नखंसुद्धा. माणूस मरतोय हे मागच्या रांगेला कळलं पाहिजे."

मी मान हलवली. परतताना ट्राममध्ये खिडकीशी बसले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी समोरचा दांडा घट्ट धरला. जे बघायला मला बसवलं होतं, तेच मी माझ्या हातानं रंगवून झाकणार होते. खरा घाम आला तर तो माझ्या ग्लिसरीनखाली येणार. ओठ निळे पडले तर माझ्या निळ्याखाली पडणार. अण्णा भर रंगमंचावर खरोखर जायला लागले, तर अख्ख्या हॉलला ते फार छान वाटणार होतं, आणि मलासुद्धा कळणार नव्हतं.

घरी रंगाची तालीम केली त्या संध्याकाळची गोष्ट. दिव्याखाली अण्णांना बसवलं. कानशिलं खोल केली, गालांत करडा रंग भरला, गळ्याची हाडं वर काढली, दाढीचे खुंट पांढरे केले. अण्णा आरशात बघून थट्टा करत होते. "वा! आमचे वडील हुबेहूब असे दिसायचे शेवटी." मी म्हटलं, बोलू नका, ओठ हलतात. तेवढ्यात आई कंदिलात तेल घालायला म्हणून खोलीत आली. ती किंचाळली नाही. दारातच खाली बसली आणि पदर तोंडात धरून नुसती बघत राहिली. मग उठली, स्वयंपाकघरातून मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि त्या रंगवलेल्या चेहऱ्यावरूनच तिनं अण्णांची दृष्ट काढली. "हे तोंड घेऊन देवघरासमोरून जायचं नाही," म्हणाली. अण्णा नाटक होईपर्यंत ती आज्ञा पाळत होते. रंग लावलेला असला की मागच्या गॅलरीतून फिरून मोरीत जायचे.

मला आठवतं ते त्या चेहऱ्याचं वजन. रंग लावताना हनुवटीखाली एक हात धरावा लागतो. अण्णांचं डोकं माझ्या तळहातावर असायचं, डोळे मिटलेले, आणि मी बोटानं त्यांच्या पापण्यांखाली मरण सारवत असायची. आपण रंगवतो ते खरं होतं, असं कुणी मला शिकवलं नव्हतं. तरी दर वेळी वाटायचंच. मग मी नाकाच्या शेंड्यावर थोडासा त्यांचा स्वतःचा रंग तसाच सोडून द्यायची. कुणासाठी, काय म्हणून, विचारू नका.

आणि खरा आजार दिसतो का? एका तालमीत, रंग न लावलेल्या अण्णांनी मध्येच खाटेची कड घट्ट पकडली. मला कळलं. पाणी द्यायचं निमित्त करून मी त्यांच्या हातात गोळी दिली. ते जिभेखाली गोळी धरून पडून राहिले, छातीतली कळ ओसरायची वाट बघत, आणि तिकडून देवधरकाका ओरडले, "अण्णासाहेब, आजारी वाटत नाही तुम्ही! मजेत पडल्यासारखे दिसताय. जरा जोर लावा!" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. मला रडू आवरेना. देवधरकाकांना दोन्हीचा राग आला.

मग मी एक युक्ती काढली. खाट अशी मांडली होती, की अण्णांची उजवी बाजू लोकांकडे आणि डावा हात पलीकडे, मी बसणार त्या विंगेच्या अंगाला. तो हात लोकांना दिसणारच नव्हता. मी ठरवलं, तो रंगवायचाच नाही. मनगटापासून नखांपर्यंत तो अण्णांचा स्वतःचा हात राहील. चेहरा खोटं बोलेल, हात बोलणार नाही. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी हात वर करून उलटसुलट पाहिला. "म्हणजे एवढाच मी शिल्लक," म्हणाले. त्यांना गंमत वाटली होती. मला पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

रस्त्यांवरच्या भानगडींमुळे प्रयोग दुपारीच ठेवला होता, म्हणजे लोकांना उजेडात घरी जाता यावं. हॉलमध्ये भरून माणसं. बराकपूरहून, खिदिरपूरहून, कुठून कुठून आलेली मराठी बिऱ्हाडं, रेशमी साड्या, डब्यांतून आणलेला दिवाळीचा फराळ, पोरांची रडारड. आई पहिल्या रांगेत कडेला बसली होती. तिनं मांडीवर पर्स धरली होती आणि सबंध प्रयोगभर ती एकदाही मागे टेकली नाही. पहिला अंक झाला, दुसरा झाला. अण्णांचा आवाज खणखणीत लागला होता. मी पडद्याच्या घडीआड एका खोक्यावर बसून त्या डाव्या हाताकडे बघत होते. तो चादरीवर पडलेला होता, सावळा, नेहमीचा, नखं स्वच्छ. मला इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या अंकातल्या विनोदाला मी हसलेसुद्धा.

मध्यंतरात मी अण्णांचे ओठ निळे केले, कपाळावर ग्लिसरीनचे थेंब बसवले, उजव्या हाताची नखं रंगवली. तेवढ्यात मुलाचं काम करणाऱ्याची मिशी सुटली म्हणून मला ओढून नेलं. मिशी चिकटवून परत येते तो घंटा झालेली, अण्णा खाटेवर जाऊन पडलेले आणि पडदा वर जात होता. मी धावत खोक्यावर जाऊन बसले.

आणि हात बघितला. नखं निळी होती.

आधी वाटलं, उजेडाचा दोष. मी डोळे चोळले. निळीच. बोटांची टोकंसुद्धा राखाडी. मी वर चेहऱ्याकडे पाहिलं, तर तिथं पांढरेपणा होता, घाम होता, ओठ निळे होते, डॉक्टरांनी बोटांवर मोजलेलं सगळं होतं, आणि ते सगळं माझं होतं. अण्णा बोलत होते ते मध्येच थांबले. समोरच्या विंगेतून देवधरकाकांनी शब्द पुरवला. अण्णा गप्प. काकांनी पुन्हा तोच शब्द पुरवला, जरा मोठ्यानं. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. लोकांना वाटत होतं, काय थांबलाय हा माणूस! मला वाटत होतं, अण्णा गेले.

पडदा पाडायला सांगावं, तर दोर पलीकडच्या बाजूला. ओरडावं, तर अख्ख्या हॉलला ते नाटकातलंच वाटलं असतं. माझे पाय कसे उठले मला माहीत नाही. मी अनवाणी, कंबरेला रंगाचं फडकं खोचलेली, तशीच उजेडात चालत गेले. मुलगा आणि सून झालेले दोघे माझ्याकडे बघतच राहिले. मी खाटेमागे जमिनीवर बसले आणि अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. गार होता. मी अंगठ्यानं नख घासलं, जोरात, पुन्हा घासलं. निळा रंग माझ्या बोटाला आला. खालचं नख गुलाबी होतं.

अण्णांनी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि नाटकात नसलेलं वाक्य, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असं म्हणाले, "आलीस? बैस."

मग त्यांनी आपलं राहिलेलं वाक्य घेतलं आणि नाटक पुढे चाललं. मला उठून जाता येईना, कारण त्यांनी माझा हात सोडला नाही. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागत होती. मधूनच एखादा ठोका चुकत होता, मग दोन घाईघाईनं येत होते. तो सबंध शेवटचा प्रवेश मी तशीच बसून होते. म्हाताऱ्यानं मुलाला क्षमा केली, सुनेला किल्ल्या दिल्या, आणि मान टाकली. हॉलमधून हुंदके ऐकू यायला लागले. शेकडो माणसं माझ्या वडिलांसाठी रडत होती, आणि मी त्या मेलेल्या माणसाची नाडी धरून, आता थांबेल, आता थांबेल, अशी प्रत्येक ठोक्याची वाट बघत होते. इतकी भीती मला त्याआधी वाटली नव्हती आणि पुढेही वाटली नाही.

पडदा पडला. टाळ्यांच्या आवाजात अण्णांचे निळे ओठ हलले. "गोळी दे," म्हणाले.

मी दिली. देवधरकाका धावत आले. मला वाटलं आता धडगत नाही, पण त्यांचे डोळे पाण्यानं भरलेले. "ती मुकी मुलगी आणून बसवलीत, काय परिणाम झाला हो! आधी सांगायचं तरी." पाठोपाठ लेलेकाकू आल्या. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पडेल ते काम करणाऱ्या, कुणाचं तुटलेलं बटण त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. "कुमुद, अगं एक हात तसाच राहिला होता की!" त्या म्हणाल्या. "बरं झालं माझं लक्ष गेलं. पटकन नखं नि बोटांची टोकं रंगवून टाकली मी." आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला त्यांच्यावर रागावतासुद्धा आलं नाही. मला वाचवल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मी अण्णांना विचारलं, थांबलात तेव्हा काय झालं? ते म्हणाले, "वाक्य येत होतं. श्वास येत नव्हता." म्हणजे मी उठले ते लेलेकाकूंच्या रंगाला भिऊन, आणि त्याच वेळी खरी कळ येऊन गेली होती, गुलाबी नखांच्या माणसाला. मी ज्या हातावर एवढा भरवसा टाकला होता, तो न रंगवलेलाच राहिला असता तर मी खोक्यावर निवांत बसून राहिले असते.

रंगपटात आई आली. मी खोबरेल तेल घेतलं, जुन्या धोतराचं फडकं घेतलं आणि अण्णांचा चेहरा पुसायला लागले. खरं सांगते, पुसायचीच भीती वाटत होती. पांढऱ्याखाली पांढरंच निघालं तर? कपाळ पुसलं, त्यांचं सावळं कपाळ निघालं. ओठ पुसले, ओठ निघाले. गाल भरून आले. मग मी डोळ्यांखालचा काळा रंग पुसायला घेतला. निघेना. आणखी तेल घेतलं, घासलं. फडक्याला काहीच येत नव्हतं आणि काळेपणा तिथंच होता, नाकाच्या बाजूला जरा जास्त. मी पुन्हा घासलं.

अण्णांनी माझं मनगट हळूच धरलं. "पुरे कुमे," ते म्हणाले. "ते माझं आहे."

आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर लोक फराळाचे डबे उघडत होते, कुणीतरी चकल्यांचं कौतुक करत होतं. आम्ही उजेड असतानाच टॅक्सी केली. गल्लीत शेगड्या पेटायला लागल्या होत्या आणि सातविणीचा वास धुरात मिसळून आला होता. अण्णा सगळ्या वाटेत खुशीत होते, सबंध वर्षाचं मराठी बोलून झाल्यासारखे.

त्यांनी पुन्हा काम केलं नाही. शब्द दिला होता, तो पाळला. पण जगले, मी धरून बसले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त जगले. माझं लग्न त्यांनी केलं, नातू खेळवला, पेन्शनीत गेले. मी दर कार्तिकात त्यांच्या समोर बसून त्यांना निरखायची आणि ते हात पुढे करायचे. मला तो चेहरा पाठ होता, माझ्याच हातचा होता तो. वाटायचं, मरण कधीतरी त्यांच्याकडे येईल ते त्याच चेहऱ्यानं येईल, आणि मला लांबूनच ओळखू येईल. माझी सगळी भीती त्या ओळखीवर विसंबून होती, आणि थोडा धीरसुद्धा.

ते गेले वैशाखात. मी माहेरी गेले होते. अण्णा सकाळी न्हाव्याकडून दाढी करून आले होते, दुपारी हिमसागर आंब्याचा रस दोनदा मागून घेतला आणि गॅलरीत खुर्चीवर जाऊन बसले. मी सवयीनं पाहिलं. गालांवर लाली होती, कपाळ कोरडं होतं, ओठांना आंब्याचा रस लागलेला. मी आत जाऊन आईला म्हटलं, "आज अण्णा किती छान दिसताहेत गं." आई म्हणाली, "मलाही तसंच वाटलं बघ." आम्ही दोघींनी बोलत बोलत मागचं आवरलं, आणि त्यांच्यासाठी विडा घेऊन बाहेर आलो, तेव्हा ते गेलेले होते. चेहरा तसाच होता, छान.